उपरण्याखालचा सौदा

बिभीषण गाडी चालवायला बसला की शेजारी त्याची बायको सविता डोळे मिटून घ्यायची. भक्तीनं नव्हे, भीतीनं. रस्त्यात देऊळ दिसलं की बिभीषणाचे दोन्ही हात स्टिअरिंग सोडून जोडले जायचे, आणि घोडेगाव ते नेवासा रस्त्यावर देवळांना काही तोटा नाही. मारुती झाला, म्हसोबा झाला, नुसता शेंदूर फासलेला धोंडा असला तरी त्याला चालायचा. एकदा त्यानं केशरी रंगाच्या किलोमीटरच्या दगडालाही नमस्कार ठोकला. सवितानं ते दाखवून दिलं, तर म्हणाला, "आसू दे गं, उगं कोन बसवील?" पिकअपच्या काचेपुढं देवांची एवढी दाटी की डिझेल संपल्याचा लाल दिवा खंडोबाच्या पाठीमागं झाकून जायचा. मग भर उन्हात गाडी बंद पडली की बिभीषण उतरायचा, टाकीवर टकटक करायचा आणि म्हणायचा, "देवाची मर्जी."

धंदा म्हशींचा. बिभीषण हेडी, म्हणजे घोडेगावच्या बाजारात जनावरं घेऊन देणारा, विकून देणारा दलाल. हा धंदा त्याला आजोबांनी, म्हणजे श्रीमंतआबांनी शिकवला. आई-बाप ऊसतोडीला जायचे तेव्हा पोरगं आबा आणि मनकर्णाआजीजवळच असायचं. पुढं आई-बाप गेले, आजीही गेली. घरात उरले आबा, बिभीषण, सविता आणि गोठ्यात येऊन-जाऊन असणाऱ्या म्हशी.

या बाजारात म्हशीचा भाव तोंडानं बोलत नाहीत. घेणारा आणि हेडी हातात हात देतात, वरून उपरणं टाकतात आणि आतल्या आत बोटं दाबून भाव ठरतो. वर तोंडानं खुशाल पाऊसपाण्याच्या गप्पा चाललेल्या असतात. पटलं तर हात घट्ट धरायचा. पटलं नाही तर उपरण्यातून हात काढून घ्यायचा, की समोरच्यानं समजावं, हा माल द्यायचा नाही. आणि सगळ्यात मोठा नियम असा, की उपरण्याखाली तिसऱ्यानं डोकवायचं नाही. बिभीषणानं लहानपणी एकदा डोकावून पाहिलं होतं. आबांनी भर बाजारात त्याच्या पाठीत असा धपाटा घातला की बाजूची रेडी दावं तोडून पळाली.

आबा हाडाचे हेडी होते. खोटं बोलणं त्यांना खोटं वाटतच नसे, ते मालाचं वर्णन करत असत. लाथा झाडणाऱ्या म्हशीला ते मारकी म्हणत नसत, "लाजरी हाय" म्हणत. म्हातारीला "अनुभवी" म्हणत. आणि गिऱ्हाईक तरीही का-कू करायला लागलं की आबा शेवटचं हत्यार काढत: देवाची आन. गिऱ्हाईक बघून देव. धनगर असला तर खंडोबा, पाथर्डीकडचा असला तर मोहटादेवी, तालमीतला गडी असला तर मारुती. गळ्याला चिमूट लावून आबा अशी काही शपथ घ्यायचे की बिचारी म्हैससुद्धा त्यांच्याकडं संशयानं बघायची.

तर अशा आबांना यंदा उन्हाळ्याच्या तोंडी अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली, वाचा गेली. नगरच्या दवाखान्यात आठवडाभर ठेवलं, मग डॉक्टरांनी बिभीषणाला बाजूला घेऊन सांगितलं, "घरी न्या. सेवा करा. आता फार दिवस नाहीत." बिभीषण दवाखान्याच्या जिन्यात बसून हमसून हमसून रडला. मग तिथल्या गणपतीच्या तसबिरीला नमस्कार करून आबांना घरी घेऊन आला.

घरी आणल्या आणल्या आक्काबाई हजर झाल्या. आक्काबाई म्हणजे शेजारच्या वस्तीवरच्या, भजनी मंडळाच्या प्रमुख. गावात कुणी आजारी पडलं की यांच्या पेटीची धूळ आपोआप झटकली जायची. त्यांनी आबांच्या तोंडाकडं बघितलं आणि पदर सावरत बिभीषणाला म्हणाल्या, "बिभ्या, वाचा गेली रं. आता देवाचं नाव कसं घ्यायचं यांनी? शेवटाला तोंडात नाव न्हाई तर जीव अडकून ऱ्हातो बघ."

"मनातल्या मनात घेत्याल की आक्का."

"हे? मनातल्या मनात?" आक्काबाईंनी हात उडवला. "आरं, साऱ्या देवांच्या खोट्या आना घेतल्यात तुज्या आज्यानं. कोन्ता देव दारात उभा करील?"

आबा जाणार हे बिभीषणानं रडून का होईना मान्य केलं होतं. पण ते कुठं जाणार, आणि तिथं त्यांना आत घेणारं कुणी असेल का, हा विचारच त्यानं कधी केला नव्हता. त्याचा जीव आबांवर होता आणि भरवसा देवावर होता, आणि ही बाई सांगत होती की या दोघांचं आपसात पटत नाही. त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही. आबांनी नाव घेतलं पाहिजे, निदान घेतलं असं आपल्याला कळलं पाहिजे, एवढं एकच त्याच्या डोक्यात बसलं.

मग सुरू झाले प्रयोग. भजनी मंडळ आलं. आक्काबाईंनी आबांच्या कानाशीच टाळ धरले. आबांनी डोळे गच्च मिटून घेतले. ते झोपेचं सोंग आहे हे बिभीषणाला लगेच कळलं, कारण नको असलेलं गिऱ्हाईक आलं की आबा बाजारातही तसेच झोपायचे. तेवढ्यात गोठ्यातून म्हैस ओरडली आणि आबांनी खाडकन डोळे उघडले. मंडळाचा ताल चुकला. आक्काबाईंनी म्हशीला वैरण टाकायला सांगितलं, जणू तिनंच मुद्दाम केलं.

दुसऱ्या दिवशी बिभीषणानं मोबाईलवर नामजप लावला आणि मोबाईल उशीखाली ठेवला. जप तासभर चालला. आबा निर्विकार. मधेच जाहिरात आली, दुभत्या जनावरांच्या पशुखाद्याची, आणि आबांच्या चेहऱ्याची चालती बाजू हळूच हसली. बिभीषणानं कपाळावर हात मारला. सविता म्हणाली, "तेवढं तरी ऐकू येतंय त्यास्नी, बरं झालं." सविताचं हे असंच असायचं. आबांचं अंग पुसायला, कूस बदलायला ती होती, म्हणून तिला देवाच्या खटपटीला वेळ नव्हता.

खरी गोष्ट घडली ती पेज भरवताना. आबा तोंड उघडेनात. बिभीषणानं खांद्यावरचं उपरणं काढून आबांच्या छातीवर पसरलं, पेज सांडू नये म्हणून, आणि त्याखाली त्यांचा उजवा हात सहज हातात घेतला. हातात हात, वर उपरणं. आबांची बोटं जागी झाली. त्यांनी बिभीषणाची दोन बोटं धरून दाबली.

बिभीषण दचकला. "सविता, वाटीत किती चमचे पेज हाय?"

"काय म्हाईत. सात-आठ."

बिभीषणानं आतून आबांची सहा बोटं दाबली, म्हणजे आधी पाच, मग एक. आबांनी तीन दाबली. बिभीषणानं पाच. आबांनी हात ढिला सोडला, आता काढतात की काय असं वाटावं इतका, अगदी जुनी खोड. बिभीषण घाबरून चारवर आला. आबांनी हात घट्ट धरला. सौदा झाला, आबांनी चार चमचे पेज मुकाट्यानं घेतली आणि पाचव्याला तोंड बंद. सवितानं तोंडाला पदर लावला. आधी हसत होती, मग बिभीषणानं पाहिलं तर रडत होती.

त्या दिवसापासून घरात उपरण्याखाली कारभार सुरू झाला. औषध, पाणी, खिडकी उघडायची का झाकायची. एक बोट दाबलं म्हणजे होय. हात काढला म्हणजे नाही. वाचा गेलेली असतानाही आबांनी एकही गोष्ट पहिल्या बोलीला मान्य केली नाही.

मग एका दुपारी बिभीषणानं धीर केला. दार लोटून घेतलं, उपरणं टाकलं, हात धरला. "आबा, रागावू नगा. पर खरं सांगा. ज्या ज्या देवाची खोटी आन घेतली त्याची माफी मागून येतो मी. नारळ फोडतो. खंडोबा?"

एक बोट दाबलं गेलं.

"मारुती?"

दाबलं.

"मोहटादेवी?" दाबलं, जरा जोरातच. देवीची आन घेऊन आष्टीच्या गिऱ्हाइकाला खपवलेली म्हैस बिभीषणाला आठवली. "काळभैरव? गावचा म्हसोबा?" दाबलं, दाबलं. "बालाजी? आबा, बालाजीला तुमी कवा गेल्ता?" पण दाबलं. कुणीतरी तिकडं जाऊन आलेलं गिऱ्हाईक असणार. बिभीषण घामाघूम झाला. आबांनी एकही देव सोडला नव्हता. नारळांचं पोतंच आणावं लागणार होतं. त्यानं राहिलेलं शेवटचं नाव घेतलं, तेही सवयीनं. "आन माउली? नेवाशाची?"

बोट हललं नाही.

"माउली, आबा. माउलीची आन?"

आबांनी उपरण्यातून हात काढून घेतला.

बिभीषणानं पुन्हा हात धरला, पुन्हा विचारलं. आबांनी पुन्हा काढून घेतला आणि या वेळी चांगले डोळे वटारून त्याच्याकडं पाहिलं. हा माल विकायला नाही.

मनकर्णाआजी एकादशीला नेवाशाला जायची. आबा तिला बैलगाडीनं न्यायचे, पुढं टेम्पोनं, पण स्वतः कधी देवळात जायचे नाहीत. बाहेर चिंचेखाली बसून बिडी ओढायचे. लोक म्हणायचे, श्रीमंताला देवाचं वावडं आहे. बिभीषणालाही तसंच वाटायचं. आता त्याच्या ध्यानात आलं की साऱ्या आयुष्यात, एवढ्या म्हशी, एवढी गिऱ्हाइकं, एवढ्या अडचणी, त्यात या माणसानं एक देव राखून ठेवला होता. वापरलाच नव्हता. बिभीषण आबांच्या पायावर डोकं ठेवून रडला, आणि रडता रडता त्याला हसूही येत होतं, कारण बालाजी काही सुटला नव्हता.

"आबांना नेवाशाला न्यायचं," त्यानं सविताला सांगितलं.

"कशात?"

कशात हा प्रश्नच होता. आक्काबाई तर कडाडल्या, "मरनाऱ्या मानसाला म्हशीच्या गाडीत घालतो का रं?" पण बिभीषणानं उपरण्याखाली आबांना विचारलं होतं आणि आबांनी पहिल्याच बोलीला बोट दाबलं होतं. असं कधी घडलं नव्हतं. त्यानं पिकअपचा हौदा धुतला, कडबा अंथरला, त्यावर गादी, त्यावर खाटेसकट आबा, ऊन लागू नये म्हणून वरून ताडपत्री. सविता आबांजवळ बसली. आक्काबाई "मी काय यायची न्हाई" म्हणत पुढं केबिनमध्ये चढल्या. काचेपुढचे देव बघून त्यांनी पाय आखडून घेतले.

घाईत बिभीषण एक गोष्ट विसरला. तो बाजाराचा दिवस होता.

घोडेगावात शिरले आणि गाडी अडकली. म्हशी, टेम्पो, रसाच्या गाड्या, माणसं. ओळखीची पिकअप, वरून ताडपत्री, म्हणजे आत माल आहे हे ठरलेलं. चारी बाजूंनी हेडी धावले. "बिभीषण, काय आनलंय?" "कितव्या वेताची?" "दुधाला कशी?" बिभीषण ओरडत होता, "आरं म्हैस न्हाई, आज्जा हाय!" पण बाजारात कुणी कुणाचं पहिलं बोलणं खरं मानत नाही. एक दणकट म्हातारा पुढं आला, त्यानं ताडपत्री उचलली आणि आत थेट आबांच्या डोळ्यांत बघितलं.

हे आप्पासाहेब. शेजारच्या गावचे बागायतदार. त्यांना आबांनी बऱ्याच वर्षांपूर्वी अशीच एक "लाजरी" म्हैस विकली होती, खंडोबाची आन घेऊन. त्या म्हशीनं आप्पासाहेबांचा गुडघा कायमचा वाकडा केला होता. बिभीषणानं पुढून उतरून हात जोडले. "आप्पासाहेब, आज काय बोलू नगा. नेवाशाला नेतोय त्यास्नी."

आप्पासाहेब बराच वेळ आबांकडं बघत राहिले. आबाही त्यांच्याकडं बघत होते, आणि चेहऱ्याची चालती बाजू थोडी ओशाळलेली वाटली. "श्रीमंता," आप्पासाहेब म्हणाले, "लई लाथा खाल्ल्या रं मी तुज्यापायी." मग ते गाडीच्या चाकावर पाय देऊन, वाकड्या गुडघ्यानं कण्हत, हौद्यात चढले. "चल. खाट उतरवाया मानूस लागंल." त्यांनीच उभं राहून शिव्या देत गर्दी हटवली, तेव्हा कुठं पिकअप बाजारातून सुटली.

नेवाशाला पोचेपर्यंत देवळं लागली तेवढी लागली, पण त्या दिवशी बिभीषणानं एकदाही स्टिअरिंग सोडलं नाही. मागं आबा होते.

माउली ज्या खांबाला टेकून बसले तो खांब तिथं आहे. लोक त्याला मिठी मारतात. बिभीषणही दर वेळी मारायचा, आणि सवयीनं त्याला म्हशीची पाठ चाचपावी तसा चाचपायचा. आज त्यानं आणि आप्पासाहेबांनी खाट आत नेली, खांबाला लावून ठेवली. दर्शनाची माणसं आपणहून बाजूला झाली. बिभीषणानं आबांचा उजवा हात उचलून खांबावर ठेवला. काळा, गार दगड. आबांचा हात नुसताच पडून राहिला. आक्काबाई मागून पुटपुटल्या, "नाव घ्या आबा, नाव घ्या."

बिभीषणाला काय वाटलं कुणास ठाऊक, त्यानं खांद्यावरचं उपरणं काढलं आणि आबांच्या हातावरून, खांबासकट, टाकलं.

क्षणभर काही नाही. मग उपरण्याखाली हालचाल झाली. बोटं चालत होती. कापड मधूनच वर उचलायचं, थांबायचं, पुन्हा उचलायचं. आबांचे डोळे वर छताकडं होते, पाऊसपाण्याच्या गप्पा मारताना असायचे तसे. आक्काबाईंनी मान पुढं काढली. "काय करत्यात? बघू तरी." त्यांचा हात उपरण्याच्या टोकाकडं गेला आणि बिभीषणानं तो धरला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं आक्काबाईंना अडवलं.

"न्हाई आक्का. तिसऱ्यानं बघायचं नसतं."

खरं म्हणजे बघायची ओढ त्यालाच सगळ्यांत जास्त होती. आबा आत काय मागत होते, काय द्यायला कबूल होत होते, नाव घेत होते की नेहमीसारखी घासाघीस करत होते, हे एका बाजूनं उपरणं उचललं तर कदाचित कळलं असतं. त्याच्या पाठीत तो जुना धपाटा ताजा झाला. त्यानं डोळे मिटले आणि त्याला इतकं शांत वाटलं की त्याचं त्यालाच नवल वाटलं. सगळ्या देवांना तो आजवर मागणंच घालत आला होता. आज त्यानं काही मागितलं नाही. या खांबाशी आबांचं जे काही चाललं होतं ते त्या दोघांचं होतं आणि ते नीट होईल, याची त्याला खात्री वाटली.

थोड्या वेळानं उपरणं स्थिर झालं. आबांची बोटं खांबाला घट्ट धरून होती. आप्पासाहेबांनी नाक ओढलं आणि म्हणाले, "झाला वाटतं सौदा."

आबांनी देह ठेवला तो घरी येऊन, धारा काढायच्या वेळेला, सकाळी. सवितानं तोंडात पाणी आणि तुळशीचं पान घातलं. त्यांचा हात बिभीषणाच्या हातात होता आणि तो शेवटपर्यंत काढून घेतलेला नव्हता. बिभीषण ढसाढसा रडला, पण त्यात ते भ्यालेलं रडणं नव्हतं. आक्काबाई धावत आल्या आणि पहिलंच विचारलं, "नाव घेतलं का रं शेवटाला?"

"सौदा झालाय आक्का," बिभीषण डोळे पुसत म्हणाला. "भाव इचारायचा नसतो."

आक्काबाईंनी तोंड उघडलं, आणि काही न बोलता पुन्हा मिटलं. सविता नंतर म्हणायची, आबांनी जाता जाता एवढा एक चमत्कार केला.

दिवस-कार्य झालं. बिभीषण बाजाराला जायला लागला. खांद्यावर आबांचंच उपरणं. एका बाजाराला आप्पासाहेब आले, म्हैस पाहिजे म्हणाले. बिभीषणाकडं एक मुऱ्हा जातीची होती. कास चांगली, अंगाला चकाकी, स्वभावानं गाईसारखी गरीब. आप्पासाहेबांनी चारी बाजूंनी बघितली, गुडघा जपत मागच्या बाजूनंही बघितली. हातात हात दिला, उपरणं पडलं, बोटं चालली, भाव जवळ जवळ आला. मग आप्पासाहेब थांबले.

"तुज्या आज्यानं खंडोबाची आन घिऊन मला फसवलं. तू सांग, लाथा मारती का?"

"न्हाई मारत. खंडोबाची आन."

"खंडोबा नगो. मारुती न्हाई, देवी न्हाई. माउलीची आन घे. घेतलीस की सौदा पक्का, आत्ता म्हशीवर गुलाल टाकतो."

आणि त्या मुऱ्हा म्हशीनं जन्मात कधी कुणाला लाथ मारली नव्हती. दोन्ही वेळा बादली भरायची. आजा-नातवाच्या साऱ्या धंद्यात खरी आन घ्यायची संधी ही पहिलीच. भोवतीचे हेडी वाट बघत होते, आप्पासाहेब डोळे बारीक करून बघत होते.

बिभीषणानं उपरण्यातून हात काढून घेतला.